खोट्या बाटलीचा वास

(रुग्णालयाच्या मागच्या इमारतीतली तपासणीची खोली. दुपार. स्टुलावर ताई, दाराला टेकून तिचा धाकटा भाऊ नाकराव, टेबलाशी डॉक्टरबाई. टेबलावर फवाऱ्याच्या बाटल्यांचे ट्रे.)

ताई : नाही म्हटलं ना. दहादा विचारलंत तरी दहादा नाही. बाटली मिळणार नाही.

डॉक्टर : ताई, ती तुमची नाही. माझीही नाही. औषध कंपनीची आहे. चाचणी आज बंद झाली. पाचच्या आत सगळ्या बाटल्या मोजून गाडीत जायच्यात. एकशे सतरा आल्या, तुमची तेवढी राहिलीय.

ताई : मग एकशे सतरांवर भागवा.

नाकराव : बाई, तुम्ही हिला ओळखत नाही. मी सात वर्षांचा असताना हिनं माझा भोवरा काढून घेतला होता. माझे केस पिकले, भोवरा अजून यायचाय.

ताई : नाक्या, दारात उभा राहून माझी अब्रू काढू नकोस. बोलायचं तर माझ्या बाजूनं बोल.

नाकराव : तुझ्याच बाजूनं बोलतोय. गेलं ते गेलं, नाद सोडा, असं सांगतोय त्यांना.

डॉक्टर : कुठे ठेवलीय बाटली?

ताई : जिथं तुम्ही हात घालणार नाही तिथं.

डॉक्टर : ऐका जरा. मला कळतंय तुम्हाला काय वाटत असेल. पण औषध नापास झालंय. निम्म्या लोकांना खरा फवारा दिला, निम्म्यांना खोटा, म्हणजे नुसतं पाणी. सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्हीकडच्यांचा दम सारखाच सुधारलेला. पाण्यानंही तेवढंच होत असेल तर औषध हवंय कशाला?

ताई : ते तुमचं तुम्ही बघा. मी माझं सांगते. सव्वीस वर्षं साबणाच्या कारखान्यात पाकिटात पावडर भरली. छातीचा पार भाता झाला. घर तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षं खाली पाय लागला नाही माझा. तुमच्याकडे यायचं तर खुर्चीत बसवून आणायचे. पुढून हा, मागून शेजारचा सुतार. कपाट हलवतात तसं. जिन्यातली माणसं म्हणायची, 'जरा सांभाळून हं!' मला वाटायचं, किती काळजी करतात बाई माझी. ते भिंतीच्या रंगाला म्हणत होते.

नाकराव : नवीनच रंग दिला होता गं.

ताई : तू गप. आज मी पायी उतरले, डॉक्टर. दोनदा थांबले, पण माझ्या पायांनी. पायीच चढणार. आणि तुम्ही म्हणता बाटली द्या. बाटली दिली की मी पुन्हा कपाट.

डॉक्टर : पण तुमच्या बाटलीत कदाचित पाणीच असेल, ताई.

ताई : कदाचित कशाला? पाणीच आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला.

डॉक्टर : काय ठाऊक आहे?

नाकराव : ताई, चल, उशीर होतोय.

ताई : आता कशाला पळतोस? सांग ना त्यांना. ह्यानंच सांगितलं मला. तुमच्याकडून बाटली घेतली, बाहेरच्या बाकावर बसलो, ह्यानं झाकण काढून हुंगली आणि म्हणाला, 'ताई, तुला चुना लावला. तुझी खोटी.'

डॉक्टर : हे कसं शक्य आहे? बाटल्यांवर फक्त नंबर असतो. कुणाची खरी, कुणाची खोटी हे मलासुद्धा माहीत नव्हतं. यादी आज सकाळी उघडली!

नाकराव : बाई, मी पोटासाठी काय करतो हे कधी विचारलंत का? तुमच्या त्या जाड फॉर्मात 'सोबत आलेला नातेवाईक' एवढाच मी. त्याच कारखान्यात तीस वर्षं नाकाची नोकरी करतोय. साबणाचा घाणा निघाला की आधी कागदाच्या पट्टीवर माझ्यासमोर येतो. मी मान हलवली तर माल बाहेर, नाही तर परत कढईत. मालकाच्या बायकोनं नवीन अत्तर लावलं तर मालकाच्या आधी मला कळतं. दोन बाटल्यांतला फरक नाही कळणार?

डॉक्टर : फरक नाहीच आहे मुळी! दोन्हींना एकच वास आहे. खऱ्या औषधाला भयंकर वास येतो म्हणून तर आम्ही मुद्दाम...

नाकराव : पिकल्या फळाचा वास घातलात. दोन्हींत. पण खऱ्या बाटलीत फळाच्या मागे कुणीतरी खवट तेल घेऊन लपून बसलंय. लहान पोरं पडद्यामागे लपतात ना, पाय बाहेर दिसत असतात, तसं.

डॉक्टर : आणि हे तुम्ही फक्त ताईंना सांगितलंत ना? प्लीज, हो म्हणा.

नाकराव : आता काय झालं, तुमच्या त्या बाकावर दोन-दोन तास बसावं लागतं. वेळ जात नाही. लोक म्हणाले, नाकराव, आमची हुंगा. मी हुंगली.

डॉक्टर : किती जणांची?

नाकराव : मोजत कोण बसलंय? सगळे ओळखीचे झाले. पण काळजी करू नका, खरं मी फक्त हिला सांगितलं. बाकीच्यांना तोंडाला येईल ते. तो ठेकेदार सारखा रांग मोडायचा, त्याची अगदी अस्सल होती. त्याला म्हटलं, 'साहेब, नळाचं पाणी.' महिनाभर तोंड पाडून बसला होता.

डॉक्टर : अहो, तीन वर्षांचं काम आहे हे! कुणालाच काही कळू नये यावर सगळं उभं आहे. आणि तुम्ही बाकावर बसून भविष्य सांगत होतात?

ताई : ओरडा, ओरडा त्याला. त्याला ओरडायला माणूसच नाही कुणी. पण मग मला एक सांगा. तुम्ही मघाशी काय म्हणालात? पाण्यानं माणूस सुधारतो तो कशामुळे?

डॉक्टर : विश्वासामुळे. औषध मिळतंय असं वाटलं की थोडं बरं वाटतंच.

ताई : मला कुठं वाटत होतं? मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुझी खोटी. मी फवारा मारायचे तो केवळ तुम्ही वहीत खुणा करायला सांगितल्या होत्या म्हणून. रोज शिव्या घालून मारायचे. 'मेल्या, पाणी पाजतोस होय' म्हणायचे बाटलीला. तरी तिसऱ्या महिन्यात मी गच्चीत गेले.

डॉक्टर : असं होत नाही सहसा.

ताई : झालंय. समोर बसलंय तुमच्या.

नाकराव : बाई, मी शिकलेला नाही. पण पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बसवून त्या भिंतीवरचं चित्र समजावलं होतंत. काय म्हणाला होतात?

डॉक्टर : की वास ओळखणारे रिसेप्टर फक्त नाकात नसतात. कातडीत असतात, आतड्यात असतात, श्वासनळीच्या स्नायूंतही सापडलेत.

नाकराव : घरी जाईपर्यंत हसत होतो मी. म्हटलं, आतड्याला नाक असेल तर बिचाऱ्याचे काय हाल होत असतील! पण मग तुम्ही म्हणालात, ही कुलपं आहेत. योग्य किल्ली लागली की श्वासनळी सैल पडते. बरोबर?

डॉक्टर : बरोबर. आमचं औषध ती किल्ली. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

नाकराव : आणि कुलूप कशाचं? वासाचं. मग मला सांगा, वासाची कुलपं असलेल्या छातीत तुम्ही खोटं औषध म्हणून काय सोडलंत?

डॉक्टर : पाणी.

नाकराव : आणि?

डॉक्टर : आणि... नाही, नाही. तो अगदी कणभर आहे हो. फक्त लपवायला घातलेला.

नाकराव : वासाला कणभरच लागतो. माझ्या धंद्यात पिंपभर साबणात चमचाभर जातो आणि लोकांची अख्खी न्हाणीघरं घमघमतात. ज्यांना वासाचं कुलूप शोधायचंय, त्यांनीच खोट्या बाटलीत वास घातला! आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर त्याला कढई घासायला बसवलं असतं.

डॉक्टर : हा तर्क झाला, नाकराव. ऐकायला छान आहे. पण पुरावा नाही.

नाकराव : तो तुमच्या ट्रेमध्ये असेल. एक पैज. पैशांची नाही, हिच्या बाटलीची. तुमच्या हातात यादी आहे ना? मला सहा बाटल्या द्या. नंबर झाका. सगळ्या बरोबर सांगितल्या तर माझं ऐकायचं, चुकलो तर बाटली तुमची.

ताई : माझी बाटली पैजेला लावणारा तू कोण रे?

नाकराव : हरणार नाही गं.

डॉक्टर : घ्या. ही.

नाकराव : खरी. खवटपणा अगदी उंबऱ्यात उभा आहे.

डॉक्टर : ही?

नाकराव : खोटी. नुसतं फळ.

डॉक्टर : ही? आणि ही?

नाकराव : खरी. खरी. हिला तर बहुतेक उन्हात ठेवली होती, नीट झाकण लावायला सांगा लोकांना.

डॉक्टर : ही?

नाकराव : खोटी. आता सहावी... थांबा. ही काय भानगड?

डॉक्टर : पाच बरोबर आल्या. सहावीला हरलात?

नाकराव : हरलो कसला! हिच्यात काहीच नाही. खवट नाही, फळ नाही. ही खोटीतली खोटी. कोरी. आणखी आहेत का अशा? तो कोपऱ्यातला ट्रे द्या इकडे. ही कोरी. ही पण. ही खरी. ही कोरी.

डॉक्टर : नंबर शंभरच्या पुढचे आहेत हे. शेवटच्या खेपेचे. त्यांनाही फळाचा वास घालायचा होता. तसं कागदावर आहे.

नाकराव : कागदाला नाक नसतं. वास संपला असेल, भरणारा म्हणाला असेल, जाऊ दे, पाण्याला कशाला हवाय. आमच्याकडेही करतात. म्हणून तर मला पगार आहे.

डॉक्टर : पण माझ्या हातून गेल्यात या सगळ्या. प्रत्येक बाटली मी उघडून...

नाकराव : बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?

डॉक्टर : आता आणखी काय राहिलंय?

नाकराव : मागच्या महिन्यात मी तुमच्या टेबलाखाली माझा मोजा ठेवला होता. चार दिवस वापरलेला. गंमत म्हणून. तुमची नर्स नाक दाबून पळाली, ठेकेदार खिडकीत जाऊन उभा राहिला. तुम्ही अर्धा तास तिथं बसून शांतपणे हिचं वजन लिहीत होतात. मी मोजा उचलून खिशात घातला आणि तेव्हापासून गप्प आहे.

डॉक्टर : दोन वर्षं झाली. एक ताप आला होता. त्यानंतर काहीच येत नाही. ना फुलाचा, ना धुराचा. इथं कुणाला सांगितलं नाही. वासावर काम करणारीलाच वास येत नाही म्हटल्यावर लोक हसतील.

नाकराव : मी हसलो नाही. आणि मी कशालाही हसतो.

ताई : हसणारे हसू देत गं. मला दम नाही म्हणून कारखान्याचा डॉक्टर हसला होता. 'वय झालं आजी' म्हणाला. तेव्हा माझं वय त्याच्या बायकोएवढं होतं. पुढचं बोल. ह्या कोऱ्या बाटल्या कुणाकुणाच्या?

डॉक्टर : थांबा, यादी बघते. एक, दोन, तीन... नऊ. शेवटच्या खेपेतल्या खोट्या बाटल्यांचे नऊ जण आहेत. आणि दम मोजायला नळीत फुंकर मारून घेतो, त्याच्या नोंदी... पहिल्या दिवशी जेवढी, शेवटच्या दिवशी तेवढीच. हीसुद्धा. हीसुद्धा. हा तर मधेच सोडून गेला. नवांपैकी एकही सुधारला नाही.

नाकराव : आणि फळवाल्या खोट्या?

डॉक्टर : पन्नास. त्यांतले एकेचाळीस सुधारले. मी पन्नास आणि नऊ एकत्र धरले, सरासरी काढली. नऊ जण त्यात बुडून गेले.

ताई : विश्वास तर त्या नवांनाही होता ना?

डॉक्टर : होता. तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त होता.

ताई : एकशे चौदा नंबर आहे का त्यात?

डॉक्टर : आहे. चार महिन्यांनी यायची बंद झाली. का?

ताई : समोरची.

डॉक्टर : कोण?

नाकराव : हिची मैत्रीण. पाकिटं भरायच्या टेबलावर सव्वीस वर्षं हिच्या समोर बसायची. मधे पावडरचा ढीग. एकमेकींचं तोंड दिसायचं ते सुट्टी झाल्यावर.

ताई : मीच आणलं होतं तिला तुमच्याकडे. मी जिने चढायला लागले, तिचं काहीच होईना. मी तिला फोन करून फुशारक्या मारायचे. आज एक मजला, आज दोन मजले. ती म्हणायची, 'तुझ्यात जिद्द आहे गं, माझंच नशीब फुटकं.' मलाही वाटलं, असेल, माझ्यात जिद्द असेल. कसली जिद्द! माझ्या बाटलीत फळ होतं आणि तिच्या बाटलीत काही नव्हतं.

डॉक्टर : ताई, एक मिनिट. साहेबांचा फोन येतोय. हॅलो, सर. हो. एकशे सतरा. नाही, गाडी थांबवा. नाही सर, बाटली हरवलेली नाही. सही? सही मी करत नाहीये. बंद करण्याच्या कागदावर माझी सही लागते ना? मग ती नाही. कारण आपलं खोटं औषध खोटं नव्हतं, सर. हो, मी शुद्धीवर आहे. शेवटच्या खेपेत वास घालायचा राहिलाय. मला कसं कळलं? मला नाही कळलं. इथं एका पेशंटच्या भावाला कळलं. नाही, डॉक्टर नाहीत. साबण हुंगतात. हसून झालं की मला सांगा, सर, मी थांबते. आणि माझ्या हातून का सुटलं तेही लिहून देणार आहे. मला दोन वर्षं वास येत नाही. हो, लेखी. कंपनी रागावली तर रागावू दे. ठेवते.

नाकराव : बाई, तुमची नोकरी?

डॉक्टर : बघू. साबणाच्या कारखान्यात जागा आहे का?

नाकराव : नाक नसलेल्यांना? आहे ना. मालकाच्या शेजारीच.

ताई : पुढे काय करायचं ते सांग.

डॉक्टर : नऊ माणसं म्हणजे फार थोडी. योगायोगही असू शकतो. मला हे पुन्हा करावं लागेल, नीट. समितीपुढे जाईन, भांडेन, परवानगी घेईन. काहींना फळाचा वास, काहींना कोरं पाणी. कुणाला काय, कुणालाच माहीत नसणार. तोपर्यंत सगळ्या बाटल्या सील करून ठेवायच्या. पुरावा म्हणून. तुमचीसुद्धा, ताई. मला माफ करा. आता मी ती कंपनीसाठी मागत नाहीये.

नाकराव : म्हणजे परवानगी येईपर्यंत हिला काहीच नाही?

डॉक्टर : महिना, दोन महिने. आणि नंतर ताईंना नव्या चाचणीत घेणार नाही. तुमच्या वाट्याला कोरी आली तर? तुम्ही बरंच सोसलंय.

ताई : मला घ्यायचं.

नाकराव : ताई, डोकं फिरलंय का? चिठ्ठीत कोरी निघाली तर सहा महिने वर अडकशील. मी सांगून ठेवतो, मी पुन्हा खुर्ची उचलणार नाही. माझी कंबर गेली.

ताई : नको उचलूस. बसेन वर. दोन वर्षं बसले, आणखी सहा महिन्यांनी मरत नाही. पण 'वयामुळे' आणि 'नशिबामुळे' ही दोन कारणं मला कायमची बंद करायचीत. त्या टेबलावर अजून चाळीस बायका पावडर भरतायत. आणि समोरचीलाही घ्यायचं. तिला फळ आलं आणि मला कोरी आली, तरी चालेल.

डॉक्टर : नशीब चिठ्ठी ठरवेल, ताई. मी नाही ठरवू शकत.

ताई : मग चिठ्ठी टाक. पण माझ्या दोन अटी आहेत. तिच्या बाटलीत काही नव्हतं हे तिला तुझ्या तोंडून कळायचं, कागद पाठवून नाही. आणि ह्या माणसाला बाटल्यांच्या आसपास फिरकू द्यायचं नाही.

नाकराव : मी? मी तर आता संशोधक झालो!

डॉक्टर : बाटल्या भरतात तिथं तुम्ही असणार. प्रत्येक खेप कंपनीतून निघायच्या आधी हुंगायची. नंतर कोण पेशंट, कुणाला काय, त्याच्याशी संबंध नाही. बाकावर तर अजिबात बसायचं नाही.

नाकराव : आणि ताईनं विचारलं, माझी कुठली, तर?

ताई : मी विचारणार नाही.

नाकराव : विचारशील. मी ओळखतो तुला.

ताई : विचारलंच तर खोटं सांग. त्यात तुझा हातखंडा आहे. घे गं डॉक्टर, ही बाटली. जरा कोमट लागेल, अंगाशी होती.

डॉक्टर : थँक्यू, ताई.

ताई : थँक्यू कसलं? काम करून दाखव. नाक्या, समोरचीला फोन लाव. म्हणावं, येतेय.

नाकराव : तिच्या घरी? चार मजले आहेत तिच्याकडे, लिफ्ट नाही. उद्या-परवा जाऊ की सावकाश.

ताई : उद्या-परवाचं कुणी सांगितलंय? आज चढता येतंय.